संयम खर्च होतो का?

नुकत्याच भाजलेल्या चॉकलेट बिस्किटांचा वास प्रयोगशाळेत मुद्दाम दरवळत ठेवला होता. बिस्किटं भाजायला तिथेच एक छोटा ओव्हन आणून ठेवलेला. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात, केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात 1990च्या दशकात झालेला हा प्रयोग. एक जेवण टाळा, निदान तीन तास पोटात काही घालू नका, असं विद्यार्थ्यांना आधीच बजावलेलं. एकेक विद्यार्थी आत येई, टेबलापाशी बसे. समोर एकीकडे बिस्किटं आणि चॉकलेटं, दुसरीकडे वाडग्यात लाल-पांढरे मुळे. चवीविषयीचा अभ्यास चाललाय, एवढंच त्याला माहीत. काहींनी बिस्किटं खायची होती, काहींनी फक्त मुळे. मग प्रयोग घेणारी व्यक्ती पाच मिनिटं बाहेर जाई आणि एकतर्फी आरशातून पाहत राही. मुळे वाट्याला आलेल्यांपैकी काहींची नजर बिस्किटांवरून हलत नव्हती. एखाद्याने तर बिस्कीट उचलून नाकाशी धरलं. पण नियम मात्र कुणीही मोडला नाही.

खरी परीक्षा त्यानंतर होती. प्रत्येकाला रेखाकृती दिल्या: पेन्सिल न उचलता आणि कुठलीही रेघ दुसऱ्यांदा न गिरवता आकृती पूर्ण करायची. त्या आकृती तशा पूर्ण होणं शक्यच नव्हतं. माणूस किती वेळ चिकाटी धरतो, हेच मोजायचं होतं. बिस्किटं खाल्लेल्यांनी सरासरी जवळपास 19 मिनिटं खटपट केली. ज्यांना खायला काहीच दिलं नव्हतं ते 21 मिनिटांच्या आसपास टिकले. मुळे खाऊन बिस्किटांचा मोह आवरलेल्यांनी साधारण सव्वाआठ मिनिटांत हात टेकले.

रॉय बाउमायस्टर, एलन ब्रात्स्लाव्स्की, मार्क मुरावेन आणि डायन टाइस यांनी 1998 मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध केला आणि त्याला ‘इगो डिप्लिशन’ असं नाव दिलं. मांडणी सरळ होती. मोह आवरणं, राग गिळणं, कंटाळवाण्या कामाला चिकटून राहणं, निर्णय घेणं, या सगळ्यांमागे एकच शक्ती असते. ती मोजकी असते आणि एका ठिकाणी वापरली की दुसऱ्या ठिकाणी कमी पडते. पुढे ते आत्मसंयमाला स्नायूची उपमा देऊ लागले: वापरला की दमतो, विश्रांती दिली की भरून येतो, नियमित व्यायामाने बळकट होतो.

ही कल्पना लोकांना इतकी चटकन पटली, यात नवल नाही. दिवसभर कचेरीत साहेबांचं ऐकून घेतलेला माणूस संध्याकाळी घरच्यांवर खेकसतो. दुपारपर्यंत पथ्य पाळणारा रात्री फरसाणाचा डबा उघडतो. हे सगळ्यांच्याच घरात घडतं. विज्ञानाने आपल्याच अनुभवावर शिक्का मारला, असं वाटायला लावणारा हा सिद्धान्त होता. शेकडो शोधनिबंध निघाले. 2011 मध्ये बाउमायस्टर यांनी पत्रकार जॉन टिअर्नी यांच्यासोबत ‘विलपॉवर’ हे पुस्तक लिहिलं आणि ते हातोहात खपलं. आपण फक्त राखाडी किंवा निळे सूट घालतो, म्हणजे कपडे निवडण्यात निर्णयशक्ती वाया जात नाही, असं राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी 2012 मध्ये एका मासिकाला सांगितलं, तेव्हा त्या बोलण्यामागे हाच विचार होता.

पण खर्च होतं ते नेमकं काय? 2007 मध्ये मॅथ्यू गेलिअट आणि बाउमायस्टर यांच्या चमूने उत्तर दिलं: रक्तातली साखर. संयमाचं काम केलेल्यांना साखरेचं लिंबू सरबत दिलं की त्यांची कामगिरी सावरते आणि कृत्रिम गोडीचं दिलं तर सावरत नाही, असं त्यांना आढळलं. हे उत्तर लोकांना फार आवडलं. मला मात्र संपूर्ण सिद्धान्तातला सगळ्यात कच्चा दुवा हाच वाटतो, कारण इथे साधं अंकगणितच जुळत नाही. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीराची साधारण वीस टक्के ऊर्जा मेंदू वापरतो, म्हणजे मिनिटाला जेमतेम पाव किलोकॅलरी. पाच मिनिटांत सव्वा किलोकॅलरी. चमचाभर साखरेत सोळाच्या आसपास असतात. आणि ही सव्वा किलोकॅलरी तुम्ही मोह आवरत असा वा खिडकीबाहेर पाहत असा, जवळपास तेवढीच लागते. अवघड विचार करताना मेंदूचा एकूण खर्च अगदी किरकोळ वाढतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे रॉबर्ट कुर्झबन यांनी 2010 मध्ये हा हिशेब मांडला. दोन वर्षांनी आणखी मजेदार गोष्ट समोर आली. साखरेच्या पाण्याने नुसती चूळ भरून ते थुंकून टाकलं, तरीही कामगिरी सुधारते, असं काही प्रयोगांत दिसलं. थुंकलेलं पाणी रक्तात साखर वाढवू शकत नाही. म्हणजे परिणाम असलाच तर तो इंधन भरल्याचा नव्हता. गोड चवीने मेंदूला मिळालेल्या एखाद्या इशाऱ्याचा असावा.

त्याच सुमारास आणखी एक अभ्यास गाजला आणि तो अजूनही व्यवस्थापनाच्या शिबिरांत दाखवला जातो. इस्रायलमधल्या आठ न्यायाधीशांनी कैद्यांच्या अर्जांवर, मुख्यतः पॅरोलच्या, दिलेले 1112 निकाल शाय डॅन्झिगर आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये तपासले. सत्राच्या सुरुवातीला सुमारे 65 टक्के अर्ज मंजूर होत. जसजसं सत्र पुढे सरके तसतसं हे प्रमाण घसरत जवळजवळ शून्यावर येई आणि खाण्याच्या सुट्टीनंतर पुन्हा 65 टक्क्यांवर जाई. आलेख पाहून अंगावर काटा यावा असाच आहे. एखाद्याची सुटका न्यायाधीशांच्या नाश्त्यावर ठरते!

पण न्यायालयाचा दिवस कसा चालतो, हे माहीत असलेल्यांनी लगेच दोन प्रश्न विचारले. अर्जांचा क्रम कोण ठरवतं? केरेन वाइनशाल-मार्गेल आणि जॉन शापार्ड यांनी त्याच वर्षी दाखवलं की क्रम चिठ्ठ्या टाकून लागत नव्हता. ज्यांना वकील नाही असे कैदी बहुधा सत्राच्या शेवटी येत. वकील नसलेल्याचा अर्ज फेटाळला जाण्याची शक्यता मुळातच जास्त असते. दुसरा मुद्दा वेळेचा. अर्ज मंजूर करणाऱ्या निकालांना सरासरी सात मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागत होता, फेटाळणाऱ्यांना पाच मिनिटांहून थोडा जास्त. सुट्टी जवळ आलेली असताना लांबणारं प्रकरण न्यायाधीश हातात घेत नसतील, तर सत्राच्या शेपटाला झटपट फेटाळायचीच प्रकरणं उरणार. आंद्रेयास ग्लोकनर यांनी 2016 मध्ये संगणकावर आकडेमोड करून दाखवलं की एवढ्या एका गोष्टीनेही घसरणीचा बराच भाग तयार होतो. भूक किंवा थकव्याचा वाटा शून्य होता, असं यातून सिद्ध होत नाही. पण तो आलेख दाखवून ‘संयम संपला की न्याय संपतो’ असं सांगणारा वक्ता अर्धीच गोष्ट सांगतो, हे मात्र नक्की.

आता मूळ प्रयोगांकडे वळू, कारण वादाचा गाभा तिथे आहे.

2010 मध्ये मार्टिन हॅगर आणि सहकाऱ्यांनी तोवर प्रसिद्ध झालेल्या 83 शोधनिबंधांमधल्या 198 चाचण्या एकत्र करून महाविश्लेषण केलं. परिणामाचं माप निघालं 0.62. या आकड्याचा अर्थ असा: संयम खर्च केलेल्या गटातला एक आणि न केलेल्या गटातला एक, अशा शंभर जोड्या लावल्या तर सुमारे 67 जोड्यांत पहिला माणूस कमी पडेल. मानसशास्त्रात हा दणदणीत परिणाम मानतात. प्रश्न मिटला, असं बहुतेकांना वाटलं.

मायामी विद्यापीठातल्या इव्हान कार्टर यांना तसं वाटलं नाही. त्यांनी आणि मायकेल मॅककलो यांनी तीच आकडेवारी पुन्हा उघडली. त्यांचा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण तो फक्त संयमाच्या संशोधनाला लागू नाही. यातल्या पुष्कळ प्रयोगांत एकेका गटात वीस-पंचवीस माणसं होती. क्लीव्हलंडच्या प्रयोगातही तिन्ही गट मिळून फक्त 67 विद्यार्थी होते. गटात वीसच माणसं असली की नुसत्या योगायोगानेही दोन गटांत बराच फरक पडू शकतो. म्हणून संख्याशास्त्राची नेहमीची चाळणी अशा प्रयोगाला कडक लागते: फरक साधारण 0.64 वा त्याहून मोठा दिसला, तरच तो दखलपात्र ठरतो. मग विचार करा. जगभर असे शेकडो छोटे प्रयोग झाले. ज्यांत फरक मोठा दिसला ते नियतकालिकांनी छापले. ज्यांत दिसला नाही ते संशोधकांच्या कपाटात पडून राहिले. नंतर कुणी फक्त छापलेले निबंध गोळा करून सरासरी काढली, तर परिणाम प्रत्यक्षात नसला तरी सरासरी भरभक्कम येईल. कुणीही खोटं बोललेलं नसताना हे घडतं. कार्टर आणि सहकाऱ्यांनी 2014 आणि 2015 मध्ये या त्रुटीसाठी दुरुस्ती केली, तेव्हा 0.62 चा आकडा शून्याच्या आसपास येऊन टेकला. दुरुस्तीच्या पद्धतींवर वाद झाले आणि ते वाद निराधार नव्हते. जुन्याच आकड्यांची फेरमांडणी करून हा प्रश्न सुटणार नव्हता. नवा प्रयोग हवा होता आणि तो मोठा हवा होता.

तो हॅगर यांनीच उभा केला. ज्यांच्या महाविश्लेषणाने सिद्धान्ताला बळ दिलं होतं, त्याच माणसाने त्याची सगळ्यात कठोर परीक्षा घ्यावी, याचं मला फार मोल वाटतं. वेगवेगळ्या देशांतल्या 23 प्रयोगशाळा, 2141 माणसं, सगळीकडे एकच पद्धत, आणि आकडेवारीचं विश्लेषण कसं करायचं हे आधीच लेखी नोंदवून ठेवलेलं, म्हणजे नंतर सोयीने बदलायला वाव नको. पडद्यावर एकेक शब्द येई. एका गटाने शब्दात ‘ई’ हे इंग्रजी अक्षर दिसलं की बटण दाबायचं. दुसऱ्या गटाला जास्त डोकं लावावं लागे: ‘ई’ च्या शेजारी किंवा एक अक्षर सोडून दुसरा स्वर असेल, तर हात आवरायचा. त्यानंतर दोन्ही गटांना लक्ष विचलित करणारं आकड्यांचं एकसारखं काम दिलं. 2016 मध्ये निकाल आला: 0.04. शंभर जोड्यांमधल्या 51.

बाउमायस्टर आणि कॅथलीन व्होस यांनी हरकत घेतली. जुन्या प्रयोगात माणूस आधी कागदावरचं प्रत्येक ‘ई’ खोडत जाई, हाताला तशी सवय लागे आणि मग नियम बदलून ती सवय मोडायला लावत. संयम लागतो तो लागलेली सवय मोडायला. नव्या प्रयोगात सवय लावण्याची पायरीच गाळली, मग संयम खर्च होणार कसा? हरकत बिनबुडाची नव्हती. म्हणूनच पुढची पायरी महत्त्वाची ठरली. व्होस यांनी स्वतः पुढाकार घेतला आणि सिद्धान्ताच्या जाणकारांशी चर्चा करून प्रयोगाच्या दोन पद्धती ठरवल्या. प्रत्येक प्रयोगशाळेने त्यांतली एक निवडायची. 36 प्रयोगशाळा, 3531 माणसं. निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाला: 0.06. सिद्धान्ताच्या बाजूने उभ्या असलेल्या व्यक्तीने आखलेल्या परीक्षेतही तो जेमतेम शून्याच्या वर राहिला. काही इतर मोठ्या अभ्यासांत, जिथे पहिलं काम जास्त जड होतं, तिथे लहानसा परिणाम दिसला आहे, हेही इथे नोंदवायला हवं. पण सव्वाआठ मिनिटं विरुद्ध 21 मिनिटं, या तोलाचा फरक कुठेही परत दिसलेला नाही.

टोरांटो विद्यापीठाचे मायकेल इन्झलिक्ट यांनी या विषयावर बरंच काम केलं होतं. 2016 चे निकाल आल्यावर आपल्याच क्षेत्राविषयी आणि आपल्याच जुन्या कामाविषयी वाटणाऱ्या शंका त्यांनी जाहीरपणे लिहिल्या. उभी कारकीर्द ज्या पायावर आहे त्याला हात घालायला मोठं धैर्य लागतं.

मग संध्याकाळी येणारा थकवा खोटा का? मुळीच नाही. मानसिक थकव्याचा अभ्यास बाउमायस्टर यांच्याही कितीतरी आधी झाला आहे. जपानहून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आलेल्या त्सुरुको हारागुची यांना 1912 मध्ये डॉक्टरेट मिळाली. ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या जपानी स्त्री. एडवर्ड थॉर्नडाइक यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी स्वतःवरच प्रयोग केला होता. चार अंकी संख्येला चार अंकी संख्येने मनातल्या मनात गुणायचं, सकाळी अकरा ते रात्री अकरा, सलग चार दिवस. ज्याने एकदा तरी असा गुणाकार कागदाशिवाय करून पाहिला आहे, त्याला या बाईंच्या जिद्दीची कल्पना येईल. दिवस चढत जाई तसा त्यांना एकेका गुणाकाराला अधिकाधिक वेळ लागे. गणितं मात्र त्या रात्री अकरापर्यंत सोडवत राहिल्या. वेग मंदावला, पण बारा तासांनंतरही शक्ती संपून काम थांबलं नाही. 2022 मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी लोकांना सहा तासांहून अधिक काळ अवघड बौद्धिक काम करायला लावलं. दिवसाच्या शेवटी कपाळामागच्या मेंदूच्या बाजूच्या भागात ग्लुटामेट हे रसायन साचलेलं दिसलं आणि ही माणसं थोड्या वेळाने मिळणाऱ्या मोठ्या लाभाऐवजी लगेच मिळणारा छोटा लाभ पसंत करू लागली. हाही अभ्यास चाळीसेक माणसांचा आहे, तेव्हा वर लावलेली कसोटी त्यालाही लागू. पण सहा तासांचं काम आणि पाच मिनिटं बिस्किटांकडे न पाहणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांची सांगड घालण्यात सिद्धान्ताची चूक झाली.

इन्झलिक्ट आणि ब्रँडन श्मायकेल यांनी 2012 मध्येच दुसरी शक्यता मांडली होती. बराच वेळ ‘करायलाच हवं’ असं काम केल्यावर माणसाचं मन ‘करावंसं वाटतं’ त्याकडे झुकतं. शक्ती शिल्लक असते, इच्छा बदललेली असते. दमलेल्या मुलाला अभ्यास नको असतो, पण क्रिकेटला हाक मारा, तो धावत जातो. शक्तीचा साठाच आटला असता, तर तो मैदानावरही बसून राहिला असता.

इथे आपल्या देशाचा थेट संबंध येतो. 2010 मध्ये व्हेरोनिका जोब, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन यांनी असं मांडलं की संयम संपतो असं ज्यांना वाटतं त्यांचाच तो संपताना दिसतो. मग कृष्णा सवानी आणि जोब यांनी 2017 मध्ये भारतीयांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. मनाला श्रम पडणारं काम केल्याने शक्ती वाढते, असं मानण्याकडे भारतीयांचा कल अमेरिकनांपेक्षा जास्त होता, आणि पहिलं काम अवघड असेल तर दुसऱ्या कामात भारतीयांची कामगिरी उलट सुधारलेली आढळली. आपल्याकडच्या वाचकाला याचं फारसं आश्चर्य वाटणार नाही. चातुर्मासात नेम धरणारी, एकादशीचा उपवास करून दिवसभर घरचं सगळं काम उरकणारी आजी संयमाकडे शिल्लक रक्कम म्हणून पाहत नाही. नेमाने मन तयार होतं, असं ती मानते. अर्थात निष्कर्ष आपल्याला सुखावणारा आहे म्हणून त्याची परीक्षा सैल करून चालणार नाही. तो मोठ्या संख्येवर, अनेक ठिकाणी पुन्हा तपासला जायला हवा, आणि ते काम भारतातल्या विद्यापीठांनीच अंगावर घ्यायला हवं.

या वादात मला सगळ्यात उपयोगी वाटलेला अभ्यास मात्र प्रयोगशाळेबाहेरचा आहे, आणि त्याच्या लेखकांत बाउमायस्टर स्वतः आहेत. जर्मनीत वुर्झबुर्ग शहर आणि परिसरातल्या 205 माणसांना आठवडाभर एकेक उपकरण दिलं. दिवसातून अनेकदा ते वाजे आणि विचारी: आत्ता कशाची इच्छा होतेय का? ती आवरताय का? 2012 मध्ये हे निष्कर्ष आले. ज्यांचा आत्मसंयम चांगला गणला गेला होता, ते मोहाशी जास्त वेळा झगडत असतील अशी कुणाचीही अटकळ असेल. झालं उलटंच. त्यांना झगडावं कमी लागत होतं. पुढे मरिना मिल्याव्हस्काया आणि इन्झलिक्ट यांनी कॅनडातल्या विद्यार्थ्यांचं सत्रभर निरीक्षण केलं, तेव्हाही हेच दिसलं: ध्येय गाठणं हे मोह किती वेळा आवरला यावर ठरत नव्हतं, मोह किती कमी वेळा समोर आला यावर ठरत होतं. ही माणसं फोन दुसऱ्या खोलीत ठेवतात, मिठाईच्या दुकानावरून जाणारा रस्ता टाळतात, अभ्यासाची वेळ ठरलेली असते म्हणून रोज स्वतःशी वाद घालत बसत नाहीत.

बाउमायस्टर यांनी माघार घेतलेली नाही. 2024 मध्येही सहकाऱ्यांसह लिहिलेल्या लेखात त्यांनी सिद्धान्ताचा बचाव केला आहे. शरीर उरलेली शक्ती जपून वापरतं, अशी आता त्यांची मांडणी आहे. वाद चालू राहील, राहावा. पण पाच-दहा मिनिटं मन आवरल्याने संयमाचा साठा आटतो, हा दावा आकडेवारीपुढे टिकलेला नाही, हे मला निःसंदिग्धपणे सांगावंसं वाटतं. दिवसभराच्या कामानंतर विश्रांती घ्या, झोप पुरी करा; त्यासाठी कुठल्याही सिद्धान्ताची परवानगी लागत नाही. पण ‘आजची माझी इच्छाशक्ती संपली’ असं म्हणून रात्रीचं वाचन किंवा उद्याचं पथ्य सोडू नका. आणि एखाद्या शिबिरात कुणी न्यायाधीशांचा तो आलेख पडद्यावर लावला, तर हात वर करून विचारा: अर्जांचा क्रम कुणी लावला होता, आणि हा अभ्यास पुन्हा कुठे झाला?